खोली वजा करणारा आलेख

स्पीकर आणि ऐकणारा यांच्यामध्ये नेहमी एक खोली असते. स्पीकरमधून निघालेला आवाज थेट कानावर येतो आणि त्याच्या पाठोपाठ, काही मिलिसेकंदांच्या अंतराने, तोच आवाज जमिनीवर, छतावर, भिंतींवर आपटून पुन्हा येतो. या गर्दीतून मूळ आवाज वेगळा ओळखण्याची करामत आपल्या मेंदूला साधलेली आहे. माईकला ती साधत नाही. दिवाणखान्यात स्पीकरसमोर साधा माईक ठेवून मोजणी केली, तर वेडावाकडा आलेख मिळतो आणि त्यातला कुठला उंचवटा स्पीकरचा, कुठला खड्डा भिंतीचा, हे काही केल्या सांगता येत नाही. स्पीकर मोजण्याच्या कलेचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास हा बराचसा या खोलीला हिशेबातून वजा करण्याचा इतिहास आहे.

संगणकाच्या आधीचा उपाय बांधकामाचा होता. चहूबाजूंनी, जमिनीखालीसुद्धा, आवाज शोषणाऱ्या पाचरी लावलेला प्रतिध्वनिमुक्त कक्ष बांधायचा आणि चालण्यासाठी वर तारांची जाळी ताणायची. पण ६० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी ५.७ मीटर असते आणि तिला शोषण्यासाठी साधारण पाव लांबीची, म्हणजे १.४ मीटर खोल पाचर लागते. त्यामुळे असा कक्ष प्रचंड महाग पडतो आणि एवढं करूनही सर्वांत खालच्या सुरांसाठी अपुरा ठरतो. छोट्या कारखानदाराला तो परवडणं शक्यच नव्हतं.

वेगळी वाट काढली ती अमेरिकेत पॅसाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या रिचर्ड हेझर यांनी. १९६७ साली त्यांनी मांडलेली कल्पना अशी: स्पीकरला सतत चढत जाणारा सूर द्यायचा आणि माईकच्या मागची चाळणीही त्याच वेगाने वर सरकवत न्यायची. भिंतीवरून परतलेला सूर उशिरा पोहोचतो, तोवर चाळणी पुढे गेलेली असते. भिंत जागेवरच राहते, मोजणीत मात्र ती येत नाही.

१९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या मेडस्टोनच्या केईएफ कंपनीत लॉरी फिंचम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकालाच कामाला लावलं. स्पीकरला काही मायक्रोसेकंदांचा एक विजेचा ठोका द्यायचा, उमटलेला आवाज अंकांच्या रूपात साठवायचा आणि १९६५ साली कूली व टुकी यांनी लोकांसमोर आणलेल्या वेगवान फूरिए गणिताने त्यातून प्रत्येक सुराचा हिशेब काढायचा. ठोका इतका आखूड असतो की त्यात ऊर्जा अगदी थोडी मावते. म्हणून तोच ठोका पुन्हा पुन्हा देऊन सरासरी घ्यावी लागे. ठोके दुप्पट केले की मागचा गोंगाट ३ डेसिबलने खाली बसतो. या पद्धतीवर घडलेला केईएफचा १०५ हा स्पीकर १९७७ साली बाजारात आला.

ठोक्याची पद्धत खोलीला कशी वगळते, हे एका साध्या हिशेबातून कळतं. स्पीकर आणि माईक दोन्ही जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर आणि एकमेकांपासून १ मीटरवर आहेत असं धरू. थेट आवाज १ मीटर प्रवास करतो, तर जमिनीवर आपटून येणारा २.६ मीटर. फरक १.६ मीटरचा, म्हणजे सुमारे ४.७ मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात जे नोंदलं गेलं ते निखळ स्पीकरचं. त्यानंतरचं सगळं संगणकात कापून टाकायचं. पण या कापण्याची किंमत मोजावी लागते. ४.७ मिलिसेकंदांच्या तुकड्यातून साधारण २१३ हर्ट्झच्या खालचं काहीच धड कळत नाही. तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा तर त्याच्याही खाली. मग तिथे डॉन कील यांनी १९७४ साली सांगितलेली युक्ती वापरतात. माईक वूफरच्या पडद्याला जवळजवळ टेकवायचा. इतक्या जवळून थेट आवाज एवढा जोरकस असतो की खोलीचा आवाज त्यापुढे नगण्य ठरतो. वरचा आलेख दुरून घ्यायचा, खालचा जवळून आणि दोन्ही सांधायचे. हा सांधा कुठे आणि कसा घालायचा, यात मोजणाऱ्याचं कसब दिसतं.

१९८०च्या दशकाच्या अखेरीला डग्लस राईफ यांची एमएलएसएसए ही प्रणाली साध्या पीसीवर हे काम करू लागली. ठोक्याऐवजी ती ठरावीक क्रमाचा, कानाला नुसता खरखराट वाटणारा संकेत वाजवायची. पुढची मोठी झेप इटलीतल्या पार्मा विद्यापीठाच्या आंजेलो फरिना यांची, २००० सालची. मला या सगळ्या इतिहासातली हीच सर्वांत देखणी कल्पना वाटते. २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत काही सेकंदांत चढत जाणारा एक सूर, म्हणजे स्वीप, वाजवायचा. नोंदलेल्या आवाजातून संगणक तो स्वीप गणिताने सोडवतो आणि मागे तोच स्वच्छ ठोका उरतो. स्पीकर थकला की १०० हर्ट्झच्या सुरासोबत न मागितलेला २०० हर्ट्झचा सूरही मिसळतो. स्वीपमध्ये २०० हर्ट्झची पाळी अजून यायची असते. त्यामुळे सोडवणुकीनंतर ही भेसळ मुख्य ठोक्याच्या आधी, वेगळ्या ढिगात जाऊन पडते. दुसऱ्या पटीची एका जागी, तिसऱ्या पटीची आणखी आधी. एकाच वाजवण्यात स्पीकरचा सूरही मोजला जातो आणि त्याचा बेसूरही.

आलेख स्वच्छ झाला, पण चांगला आलेख कोणता? हा प्रश्न कॅनडात, ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी धसास लावला. १९६५ ते १९९१ अशी सव्वीस वर्षं ते तिथे होते. स्पीकर पडद्याआड ठेवायचे, आवाजाची पातळी सारखी करायची आणि ऐकणाऱ्यांना नुसतं गुण द्यायला सांगायचं, ही त्यांची रीत. आवड ज्याची त्याची, असं आपण मानतो. पडद्याआड मात्र निरोगी कानांचे लोक आश्चर्य वाटावं इतके एकमताने गुण देत होते. ज्यांचे गुण दर वेळी बदलत, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची श्रवणशक्ती कमी झालेली आढळली. ज्यांना सर्वाधिक गुण मिळाले, त्या स्पीकरचा समोरचा आलेख सपाट होता आणि बाजूला जाणारा आवाजही गुळगुळीत, हळूहळू उतरत जाणारा होता.

बाजूचा आवाज महत्त्वाचा, कारण खोलीत आपण तोही ऐकतो. म्हणून टूल आणि नंतर हार्मन कंपनीत त्यांचे सहकारी झालेले शॉन ऑलिव्ह यांच्या पद्धतीत स्पीकर दर १० अंशांनी आडवा आणि उभा फिरवून ७० आलेख घेतात. त्यांतून समोरचा आवाज, बैठकीच्या जागांची सरासरी, पहिल्या परावर्तनांचा अंदाज आणि एकूण ध्वनिशक्ती अशा मोजक्या रेषा काढतात. हीच मांडणी २०१३ मध्ये अमेरिकेत सीईए-२०३४ या मानकात आली. ऑलिव्ह यांनी २००४ साली ७० स्पीकर मोजून, केवळ आलेखांवरून श्रोत्यांचे गुण आधीच वर्तवणारं सूत्र मांडलं. त्याचा प्रत्यक्ष गुणांशी सहसंबंध ०.८६ निघाला.

मोजण्याने संगीत कळत नाही, असं जाणकार मंडळींकडून वारंवार ऐकू येतं. त्यांनी या दोघांचा १९९४ चा प्रयोग जरूर पाहावा. ४० श्रोत्यांनी तेच स्पीकर एकदा पडदा लावून आणि एकदा उघड्यावर ऐकले. स्पीकर डोळ्यांना दिसताच मोठ्या, देखण्या पेट्यांचे गुण वाढले आणि लहानशा स्वस्त संचाचे घसरले. आवाज तसूभर बदलला नव्हता. आणखी एक निष्कर्ष माझ्या मनात घर करून आहे. आलेखातला सुईसारखा टोकदार उंचवटा डोळ्यांना भयंकर दिसतो, पण कानाला सहसा फारसा जाणवत नाही. पसरट, बुटका उंचवटा कान लगेच पकडतो, कारण संगीतातला कुठला ना कुठला सूर त्यावर सतत पडतच राहतो. तंबोऱ्याच्या जवारीतून निघणाऱ्या स्वरांशांची दाट रांग आठवली, की हे लगेच पटतं. म्हणजे आलेख वाचायचा तोही कानाच्या नियमाने.

दरम्यान मोजणीचं तंत्रही पुढे सरकत होतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये वोल्फगांग क्लिपेल यांनी १९९७ साली स्वतःची कंपनी काढली. लेझरच्या साहाय्याने स्पीकरच्या शंकूची हालचाल मोजून, त्याला जोडलेली कॉइल चुंबकाच्या फटीबाहेर जाऊ लागली की जोर किती घटतो, हे त्यांची उपकरणं दाखवतात. त्यांच्या नियर फील्ड स्कॅनरमध्ये स्पीकर एका जागी उभा राहतो आणि यांत्रिक हाताला बसवलेला माईक त्याच्याभोवती शेकडो बिंदूंवर फिरतो. माईक एकात एक असलेल्या दोन काल्पनिक पृष्ठभागांवर मोजतो. त्यांतून संगणक बाहेर जाणाऱ्या लहरी आणि भिंतीवरून परतणाऱ्या लहरी वेगळ्या करतो. उरलेल्या लहरींवरून कुठल्याही कोनात, कितीही दूर, आवाज कसा असेल ते काढता येतं. एवढ्यासाठी पाचरींचा कक्ष लागत नाही, साधी खोली पुरते. मंचावरचे अवजड स्पीकर गोल फिरवण्याची कसरतही वाचते.

घरी बसून मोजणाऱ्यालाही आज बरंच काही साधतं. जॉन मलकाही यांचा रूम ईक्यू विझार्ड हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो आणि फरिनांच्याच तत्त्वावर स्वीप वाजवतो. सोबत स्वतःची कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी माईक लागतो. इथे मात्र वजा केलेली खोली पुन्हा हिशेबात घ्यावी लागते, कारण साधारण दोनतीनशे हर्ट्झच्या खाली आपण जे ऐकतो त्यावर भिंतींचाच अंमल असतो. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ आणि ९४ हर्ट्झच्या आसपास सूर फुगतात आणि बसण्याच्या जागेनुसार कुठे दुप्पट होतात, कुठे पुसले जातात. म्हणून माईक आपल्या नेहमीच्या खुर्चीवर, कानाच्या उंचीला ठेवावा. एक स्वीप वाजवावा, स्पीकर मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा आणि दुसरा वाजवावा. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले की डग्ग्याचा आवाज कुठे गढूळ होत होता, ते दिसतं.