नालान शिंगदे आणि त्याचे स्नेही

इ. स. १६७६ च्या हिवाळ्यातील गोष्ट. पेकिंग म्हणजे आजचे बीजिंग ह्या नगरीत बर्फ साचले होते. तेथील सहस्रबुद्ध मंदिरात उतरलेला गू झेन्ग्वान नावाचा एक विद्वान दूर देशी असलेल्या आपल्या मित्रास पत्र लिहीत होता. पत्र पद्यात होते, आणि त्याची दोन कडवणी पुरी होताच ती त्याने आपल्या एका तरुण स्नेह्यास दाखविली. वाचता वाचता त्या तरुणाच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. ज्याच्यासाठी तो रडला त्या माणसास त्याने कधी पाहिलेही नव्हते. हा तरुण म्हणजे कवी नालान शिंगदे. त्याच्या कवितेची थोरवी चिनी रसिक सांगतातच. परंतु त्याच्या मित्रमंडळाची कथा ऐकल्यावाचून तो मनुष्य म्हणून कसा होता हे कळावयाचे नाही.

त्या वेळचा काळ कसा होता हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. १६४४ साली ईशान्येकडील मंचू लोकांनी पेकिंग घेतले आणि चीनवर छिंग घराण्याचे राज्य सुरू झाले. चिनी पुरुषांना कपाळावरचे केस उतरवून मंचू रीतीची वेणी राखण्याची सक्ती झाली. यांगत्सी नदीच्या दक्षिणेचा प्रांत विद्येचे माहेरघर मानला जाई; त्याच्या जवळच्या यांगझौ शहरात १६४५ साली भयंकर कत्तल झाली. तेथील पंडितांच्या मनात नव्या राज्यकर्त्यांविषयी काय भावना असेल, हे सांगावयास नको. शिंगदे हा १६५५ च्या जानेवारीत जन्मला तो ह्या राज्यकर्त्यांच्याच घरात. त्याचा पिता मिंगझू पुढे सम्राट कांग्शी याचा अतिशय प्रबळ मंत्री झाला. शिंगदे स्वतः १६७६ साली सर्वोच्च मुलकी परीक्षा उत्तीर्ण झाला आणि त्यानंतर त्यास सम्राटाच्या शरीररक्षकांत नेमण्यात आले. धनुष्यबाण घेऊन सम्राटाच्या सोबतीने हिंडावयाचे आणि उसंत मिळाली म्हणजे कविता करावयाच्या, असे त्याचे आयुष्य गेले.

पण ह्या घराण्याच्या इतिहासात आणखी एक पदर आहे. शिंगदेचा पणजा हा येहे नावाच्या मंचू टोळीचा नायक होता, आणि १६१९ साली तो छिंग घराण्याचा मूळ पुरुष नुरहाची याच्याशी लढताना मारला गेला. आईकडचा आजोबा राजपुत्र होता, त्यालाही दरबारी कलहात १६५१ साली प्राण द्यावे लागले. म्हणजे जेत्यांच्या वाड्यात वाढलेल्या ह्या मुलाच्या रक्तात जितांचा वारसाही होता. त्याच्या कवितेत जो विषाद भरून राहिला आहे त्याचे मूळ येथे असेल काय? मला तसे वाटते, पण आग्रह नाही.

त्याने कविता लिहिली ती चिनी भाषेत. घरी पूर्वजांची एक भाषा आणि लेखणीला दुसरी, हा प्रकार आम्हां कोकणी बोलणाऱ्यांना तरी नवलाचा वाटणार नाही. ज्या काव्यप्रकारात तो रमला त्यास 'त्स' म्हणतात. जुन्या एखाद्या गीताची चाल घ्यावयाची व तिच्या मापात नवे शब्द बसवावयाचे, अशी त्याची रीत. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून जुन्या गीताचे नाव छापलेले असते, ते डोळ्यांपुढे आणावे. मात्र शिंगदेच्या काळापर्यंत बहुतेक चाली लोपल्या होत्या. चरणांची लांबी, स्वरांचे चढउतार आणि यमकांच्या जागा एवढा सांगाडाच उरला होता. त्यात त्याने साध्या शब्दांत आपले मन ओतले. १६७७ साली बाळंतपणानंतर त्याची तरुण पत्नी निवर्तली. तिच्या आठवणींनी लिहिलेली त्याची गीते चीनमध्ये आजही वाचली जातात.

त्याचे स्नेही बहुतेक सारे दक्षिणेकडचे चिनी, वयाने त्याच्याहून वीस-तीस वर्षांनी मोठे आणि बरेचसे निर्धन. झू यिझुन आणि चेन वेइसुंग हे नामांकित कवी त्यांत होते. यान शेंगसुन हा चित्रकारही होता. १६७९ साली सम्राटाने थोर विद्वानांसाठी खास परीक्षा घेतली, तेव्हा नोकरी नकोशी असलेल्या यानने एकच कविता लिहून कागद परत केला. तरी सम्राटाने त्याला निवडलेच! च्यांग चेनयिंग हा तोंडाचा फटकळ पंडित. मंत्र्याच्या मुलाच्या दाराशी इतके लोक जमतात ते लाभासाठी, असे कोणी म्हणेल. पुष्कळांच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु गूच्या पत्राने ह्या मैत्रीची जी परीक्षा घेतली, तिच्यापुढे हा आक्षेप टिकत नाही.

पत्र ज्याला लिहिले तो वू झाओच्येन हा सूझौजवळचा कवी, जन्म १६३१ चा. १६५७ साली त्याने नानकिंगची प्रांतिक परीक्षा दिली व तो उत्तीर्ण झाला. लगेच बोभाटा झाला की परीक्षेत लाचलुचपत झाली आहे. सम्राटाच्या क्रोधास पारावार राहिला नाही. परीक्षकांना देहान्त शिक्षा झाली आणि उत्तीर्ण उमेदवारांना पेकिंगला आणून पुन्हा परीक्षेस बसविण्यात आले. दोन्ही बाजूंस शस्त्रधारी शिपाई, वर कडाक्याची थंडी, असे तिचे वर्णन परंपरेने येते. वूच्या हातून उत्तरपत्रिका पुरी झाली नाही. भीतीने हात थिजला म्हणा, की अपमानाने लेखणी खाली ठेवली म्हणा. चाळीस फटके, मालमत्ता जप्त आणि निंगगुता येथे हद्दपारी, ही शिक्षा झाली. विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेची भीती तुम्हांस ठाऊक आहे. पण अशी परीक्षा कोणाच्या वाट्यास न येवो.

निंगगुता हे ठाणे चीनच्या अगदी ईशान्येस, आजच्या हेइलुंगच्यांग प्रांतात होते. दक्षिणेतल्या भातशेतीच्या, कालव्यांच्या मुलखातून आलेल्या माणसाने तेथे बावीस हिवाळे काढले. मुले शिकवून पोट भरले. पत्नी मागाहून तेथे जाऊन मिळाली. त्यांना तेथेच झालेल्या मुलाने मोठेपणी त्या प्रदेशाचे वर्णन करणारे पुस्तक लिहिले, ते अभ्यासकांना आजही उपयोगी पडते.

मित्राला सोडवीन असा शब्द गूने दिला होता. पण गरीब शिक्षकाचे दरबारात कोण ऐकणार? १६७६ साली तो मिंगझूच्या घरी शिकवणीस राहिला आणि शिंगदेशी त्याचा जीव जडला. पत्र वाचून शिंगदे म्हणाला, हे काम आता माझे. मला दहा वर्षांची मुदत द्या. गू उत्तरला, माणसाचे आयुष्य ते केवढे! पाच वर्षांत करा. हा संवाद गूनेच त्या पद्यांच्या शेवटी टिपून ठेवला आहे. शिंगदेने पाच वर्षांचा शब्द दिला.

तो कसा पाळला गेला? एका रात्रीत काही झाले नाही. खटला आधीच्या सम्राटाच्या हातचा, तो चुकीचा होता असे उघड म्हणण्याची सोय नव्हती. मग वाट निघाली ती पैशांची. शिंगदेचा गुरू श्यू च्येनश्युए व इतर स्नेही यांनी चांदी जमविली आणि राजवाड्याच्या बांधकामास देणगी म्हणून ती भरून वूची सुटका करून घेतली. १६८१ च्या अखेरीस वू पेकिंगला परतला. पाच वर्षे नुकती भरत होती. शिंगदेने त्याला आपल्या धाकट्या भावाचा शिक्षक नेमले.

येथे एक आख्यायिका सांगतात. परत आल्यावर कसल्याशा क्षुल्लक कारणावरून वूचे गूशी बिनसले. तेव्हा मिंगझूने वूला आपल्या अभ्यासिकेत नेले. तेथील भिंतीवर लिहिले होते की, 'वूसाठी गू येथे गुडघे टेकून विनवीत होता.' वू ढसढसा रडला. गोष्ट घडली असो वा नसो, सुटून आलेला माणूस चिडखोर होता हे तिने लपविले नाही, म्हणून ती मला खरी वाटते.

वूला स्वातंत्र्य फार दिवस लाभले नाही. १६८४ साली तो पेकिंगमध्येच वारला. शिंगदे तेव्हा सम्राटाबरोबर दक्षिणेच्या दौऱ्यावर होता. पुढच्या वर्षी पाचव्या चांद्रमासात त्याने आपल्या घरी स्नेह्यांना जमविले. अंगणातल्या, रात्री पाने मिटणाऱ्या फुलझाडांवर सर्वांनी कविता केल्या. गू तेथे होता, च्यांगही होता. त्यानंतर शिंगदेला जे दुखणे जडले त्यातून तो उठला नाही. त्या मासाच्या तीस तारखेस, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो गेला. आठ वर्षांपूर्वी पत्नी गेली ती ह्याच तिथीला.

च्यांग चेनयिंगने सत्तरी गाठता गाठता १६९७ साली सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण केली. दोनच वर्षांनी तो पेकिंगच्या प्रांतिक परीक्षेचा दुय्यम परीक्षक झाला, तेथेही लाचलुचपतीचा बोभाटा झाला, आणि तो वृद्ध पंडित तुरुंगात मेला. त्याला सोडवू शकणारा स्नेही तेव्हा हयात नव्हता. गू झेन्ग्वान मात्र आपल्या वूशी गावी परतला आणि १७१४ पर्यंत ग्रंथांच्या सहवासात राहिला.