खो कुणाला आणि कधी? कच्च्या-पक्क्या मुलांच्या संघाचं आक्रमण

बंगळुरूतल्या सर्जापूर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत रविवारी सकाळी खो-खोसाठी मुलं गोळा करून पाहा. नऊ वर्षांचं चिमुरडं आणि चौदा वर्षांची उंच मुलगी एकाच रांगेत बसतात. एखादा शाळेच्या संघातून खेळून आलेला असतो, त्याच्या शेजारच्याने क्रिकेटपलीकडे काही पाहिलेलं नसतं. घरी मराठी बोलणारी दोन-चार, बाकीची कन्नड, तमिळ, हिंदी. अशा संघात संरक्षण फारसं शिकवावं लागत नाही, कारण अंगावर कुणी धावून आलं की चपळ मूल आपसूक पळतं. आक्रमण मात्र शिकवल्याशिवाय येत नाही.

नियमच वाटून खेळायला लावतात

फुटबॉल, बास्केटबॉल किंवा लॅक्रोस, या खेळांत तगडा खेळाडू चेंडू स्वतःकडेच ठेवू शकतो. मग प्रशिक्षक ‘पास दे रे’ म्हणून घसा फोडत बसतो. खो-खोत ती सोयच नाही. आठ जण मधल्या पट्टीवरच्या चौरसांत एकाआड एक उलट तोंडं करून बसतात आणि नववा धावतो. त्याला दोन बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही, आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. पळणाऱ्यावर मात्र असलं काहीच बंधन नाही. त्यामुळे कितीही वेगवान पोरगा असला तरी त्याला खो द्यावाच लागतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर 1914 च्या सुमारास या खेळाला नियमांत बसवायला सुरुवात झाली. समोर मिश्र संघ असला की त्या नियमांचं मोल चांगलंच कळतं.

पाठ दिसेल तो आपला

नव्या मुलांना पहिल्या दिवशी एवढंच सांगावं: धावताना ज्यांची पाठ तुझ्याकडे आहे, त्यांनाच तू खो देऊ शकतोस. ज्यांचं तोंड दिसतंय त्यांना विसर. म्हणजे आठांपैकी चारच उरतात, आणि लहान मुलाला चारांतून निवडणं जमतं. पळणारा पलीकडे गेला की जवळची पाठ शोधायची, थाप मारायची, ‘खो’ म्हणायचं आणि त्याच चौरसात बसायचं. आडवी पट्टी ओलांडून पुढे गेल्यावर मागे हात लांबवून दिलेला खो चालत नाही.

चुका ठरलेल्या असतात. कुणी दोन हात लांबून नुसतं ओरडतं, कुणी थाप बसायच्या आधीच उठतं. थापेचा आवाज मैदानाबाहेर ऐकू आला पाहिजे, एवढी एकच कसोटी ठेवली तरी दोन्ही चुका बऱ्याच कमी होतात.

याच्या सरावाला सगळ्यात उपयोगी पडतो तो चालता खो-खो. कुणीही धावायचं नाही, पळणाऱ्यांनीही नाही. वेगाचा फरक निघून जातो आणि नऊ वर्षांचं पोर चौदाच्या मुलीला बाद करतं. शिवाय दिशा कुठे चुकली, खांदे कुठे उलटे फिरले, हे मुलांना स्वतःलाच दिसतं. मोठी मुलं सुरुवातीला कंटाळतात. कंटाळू द्यावं.

कुणाला कुठे बसवायचं

खरी डोकेफोड इथे आहे. पुष्कळ ठिकाणी कच्ची मुलं खांबाजवळ, म्हणजे कडेला बसवतात. कडेचं मूल चुकलं तर फारसं बिघडत नाही, असा समज. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त बिघडतं ते तिथेच. खांबापलीकडच्या मुक्त क्षेत्रात पोचलं की दिशेचं बंधन सुटतं, शिवाय पळणारा खांबाला वळसा घालताना क्षणभर मंदावतो. गडी बाद करायची उत्तम संधी खांबापाशी असते, म्हणून पहिल्या आणि आठव्या चौरसात उंच, लांब हाताची, थंड डोक्याची मुलं हवीत. तिथे बसणाऱ्याचा वेग थोडा कमी असला तरी चालतो, पण उतावळेपणा अजिबात चालत नाही.

कच्च्या मुलांची जागा मध्ये, आणि तीही दोन जाणत्यांच्या मधोमध. त्यांचं काम एका वाक्यात सांगावं: ऊठ, दोन पावलं टाक, पुढची पाठ दिसली की खो दे. गडी बाद करायचं ओझं त्यांच्यावर टाकूच नये. मग गंमत होते. असा झटपट खो पळणाऱ्याला भलताच त्रास देतो. तो पहिल्याकडे बघून वळतो तोवर तिसराच समोर उभा असतो. मधली दोन मुलं पळण्यात कच्ची आहेत याचा त्याला काहीच उपयोग होत नाही, कारण त्यांच्याबरोबर शर्यत लावायला वेळच मिळत नाही.

आणखी एक. चौरसांना आकडे द्या आणि ते एकाच भाषेत पुकारा. ‘तीन’, ‘मूरु’ आणि ‘थ्री’ एकदम ओरडले गेले की तिसऱ्या चौरसातला बिचारा तिघांकडे बघत बसतो. कानडी मुलं जास्त असली तर ओंदु, एरडु, मूरु घ्यावं. मराठी मुलांची तक्रार दहा मिनिटांत मावळते.

साखळीमागे धावू नका

सरावलेला पळणारा बसलेल्यांच्या मधून एकेक करत आतबाहेर जातो. ही एकेरी साखळी. दोघांना एकदम वळसा घालत गेला की दुहेरी. नवखा आक्रमक त्याच्या मागोमाग धावतो आणि दमतो. मुलांना शिकवायचं ते एवढंच की गड्याला पकडायचं नाही, खांबाकडे रेटायचं. तो अलीकडून पलीकडे गेला की लगेच खो, परत आला की लगेच खो. दर खोला तो दोन पावलं खांबाकडे सरकतो आणि शेवटी नेमका आपल्या लांब हातवाल्यापुढे येतो. तिथल्या मुलाने मात्र खांबाची कुठली बाजू गडी घेतो ते दिसेपर्यंत झेप घ्यायची नाही. हुलकावणी तिथेच बसते.

वजीर कुणाला करायचं?

2022 मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने वजीर आणला: दिशेचं बंधन नसलेला आक्रमक. मुलांना ही कल्पना फार आवडते, आणि प्रत्येक संघ आपला सगळ्यात वेगवान पोरगा वजीर करतो. सरावात मी याच्या उलट करा म्हणेन. दिशा चुकून वारंवार फाऊल करणाऱ्या मुलाला वजीर करा. त्याची भीती जाते, आणि दोन-तीन रविवारांनी वजीरपद काढून घेतलं तरी तो आत्मविश्वासाने उठतो. शिकवण्याबरोबर मोठ्यांचा खेळ दाखवणंही हवं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीतल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. त्या संघांत महाराष्ट्राचे प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे कर्णधार होते, कर्नाटकचे एम. के. गौतम आणि बी. चैत्रा खेळाडू होते. त्या सामन्यांची चित्रफीत मुलांना जरूर दाखवा, पण गडी बाद होतो तो क्षण सोडून त्याआधीचे दोन-तीन खो बघायला सांगा.

जागा आणि सूर

पूर्ण मैदान 27 बाय 16 मीटरचं. सोसायटीत तेवढी मोकळी माती मिळणं कठीण, म्हणून सहाच जण बसवून लांबी कमी करावी. चौरसांमधलं अंतर मात्र कमी करू नये, नाहीतर अंदाज चुकतो. तळघरातल्या पार्किंगवर अंथरलेलं गवत, फरशी किंवा तासावर भाड्याने मिळणारं कृत्रिम टर्फ, यांपैकी कशावरही सूर मारू द्यायचा नाही. टर्फवर गुडघ्याची साल जाते आणि पुढचे दोन रविवार ते मूल येत नाही. खांबाचंही तेच. बादलीत सिमेंट ओतून उभा केलेला पाइप खूण म्हणून ठीक, पण त्याला धरून झेपावलं तर पाइपसकट मूल खाली येतं. जमिनीत पक्का रोवलेला, गुळगुळीत खांब मिळेपर्यंत हात लांबवून गडी बाद करण्यावरच भागवावं.

पाळी मोठ्यांसारखी 9 मिनिटांची नको, तीन-चार मिनिटं पुरे. आणि फळ्यावर बाद गड्यांबरोबर प्रत्येकाने दिलेले खोही लिहावेत.