बोरीबंदरची पाषाणकळा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा तो प्रसिद्ध घुमट फलाटांवर नाही, तर एका जिन्यावर आहे. रस्त्यावरून दिसणारी भव्य वास्तू मुळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं मुख्य कार्यालय म्हणून बांधली गेली. गाड्या लागतात त्या तिच्या उत्तरेला.

16 एप्रिल 1853 रोजी ठाण्याची पहिली गाडी बोरीबंदरहून सुटली, तेव्हा इथलं स्टेशन अगदी साधं होतं. पुढे कापसाच्या व्यापारानं शहर फुगलं आणि कंपनीला आपल्या पैशाला शोभेलसं घर हवंसं वाटलं. ते काम वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्याकडे आलं. युरोपातली स्टेशनं पाहून आल्यावर त्यांनी आराखडा केला. 1878 मध्ये काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. खर्च सुमारे 16 लाख 14 हजार रुपये. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 1887 मध्ये, इमारतीला तिचं नाव मिळालं.

घुमटापाशी मात्र थांबायलाच हवं. दगडी घुमट रचताना खाली सहसा लाकडी सांगाडा उभारतात आणि चुना धरेपर्यंत सगळा भार त्यावर असतो. इथे अष्टकोनी घुमटाच्या दगडी फासळ्या एकमेकींत खाचा अडकवून चढवल्या, खालून असा सांगाडा न देता. दगड इंचभर चुकीचा घडला असता तर वरचा बसलाच नसता. घुमटाखालच्या जिन्याच्या पायऱ्यांचं एकच टोक भिंतीत रुतलेलं आहे, दुसरं अधांतरी आहे. वर टॉमस अर्प यांनी घडवलेली ‘प्रगती’ उभी आहे, एका हातात मशाल आणि दुसऱ्यात आऱ्यांचं चाक घेऊन. प्रवेशद्वारावरचे सिंह आणि वाघ म्हणजे ब्रिटन आणि हिंदुस्थान.

पण माझा जीव अडकतो तो खालच्या कोरीवकामात. खांबांच्या माथ्यांवर, कमानींच्या कडांवर इथलीच पानंफुलं आणि पशुपक्षी दाटले आहेत. हे काम जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केलं. हेच ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. लेण्यांतली वेलबुट्टी हातात मुरलेल्या शाळेला गॉथिक कमान सजवायला मिळाली, म्हणूनच ही इमारत लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनाची नक्कल वाटत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

या कामाचं सर्वांत समृद्ध दालन साहेबांच्या वाट्याला न जाता उतारूंना मिळालं, याचा मला फार आनंद आहे. उत्तरेकडचं तिकीटघर म्हणजे ‘स्टार चेंबर’. निळ्या छतावर सोनेरी तारे रंगवले होते, म्हणून हे नाव. इटालियन संगमरवराचे आणि झिलई केलेल्या देशी दगडाचे खांब कमानी पेलून आहेत. आज लोकलचं तिकीट काढणारा माणूस याच खांबांमधून खिडकीशी जातो.

दर्शनी भिंतीवर कंपनीशी जोडलेल्यांचे मुखवटे कोरले आहेत, त्यांत मुंबईत रेल्वे यावी म्हणून झटलेले नाना शंकरशेटही आहेत. बांधकामाच्या जागेवर ज्यांनी स्टीव्हन्स यांच्यासोबत रोजचं काम पाहिलं, ते सहायक अभियंता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि पर्यवेक्षक एम. एम. जनार्दन यांना फारसं कोणी ओळखत नाही. कागदावरची रेघ आणि पाथरवटाची छिन्नी यांमधलं सगळं अंतर अशा माणसांनीच भरून काढलं असणार. स्टीव्हन्स यांच्यापाठोपाठ मी त्यांची नावं आवर्जून घेतो.

2004 मध्ये युनेस्कोनं या वास्तूला जागतिक वारसा ठरवलं. रस्ता ओलांडला की समोर महापालिकेचं मुख्यालय आहे, तेही स्टीव्हन्स यांचंच. 1884 मध्ये त्याची कोनशिला बसली, 1893 मध्ये ते पूर्ण झालं आणि खर्च अंदाजपत्रकापेक्षा कमी आला. दोन्ही इमारती एकाच फेरीत पाहाव्यात. तिकडे घुमट आणखी उंच चढलाय, पण दगडातली पानंफुलं जवळून न्याहाळायची असतील तर बोरीबंदरचीच.