रेस जवळ आली की सराव कमी का करायचा?

समजा, तुम्ही गोव्याच्या ‘आयर्नमॅन ७०.३’ला नाव नोंदवलंय. २०१९ पासून ही ट्रायथलॉन गोव्यात होते. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, लगेच ९० किलोमीटर सायकल, आणि त्यावर २१.१ किलोमीटर धावायचं. सहा महिने पहाटे साडेचारचा गजर लावून तुम्ही तयारी केलीत. आता रेस पंधरा दिवसांवर आलीय आणि कोच म्हणतात, ‘सराव निम्मा करा.’ तुमच्या मनात पहिलं काय येईल? ‘आत्ता? आत्ता तर जोर लावायची वेळ!’

मागच्या वर्षी माझ्याही मनात हेच आलं. दहा दिवस उरले असताना ‘एकदा बघून तर घेऊ’ म्हणून मी ११० किलोमीटर सायकल मारली आणि उतरल्या उतरल्या दहा किलोमीटर धावलो. रेसमध्ये धावण्याच्या बाराव्या किलोमीटरला पाय संपले. उरलेलं अंतर जवळपास चालतच काढलं. मग मी सगळ्यांना सांगत सुटलो, ‘त्या ११० किलोमीटरनं माझी रेस घालवली.’

हे विधान पुराव्यावर टिकतं का? आज तेच बघूया. संशोधनाची तयारी करताना अशी विधानं तपासायची सवय लागली की पुढे फार उपयोग होतो.

आधी मॉडेल समजून घेऊ

रेसआधी सराव ठरवून उतरवत नेण्याला ‘टेपर’ म्हणतात. त्यामागची कल्पना १९७५ साली एरिक बॅनिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणितात मांडली. प्रत्येक सरावातून दोन गोष्टी तयार होतात : फिटनेस आणि थकवा. रेसच्या दिवशीची कामगिरी म्हणजे या दोघांतला फरक. गंमत अशी की दोन्ही ओसरतात, पण वेगवेगळ्या गतीनं. फिटनेस हळू जातो, थकवा भराभर जातो.

आकडे घालून बघा. बऱ्याच सायकलिंग ॲपमध्ये फिटनेससाठी ४२ दिवस आणि थकव्यासाठी ७ दिवस असे कालांक धरतात. तुम्ही १४ दिवस काहीच केलं नाही, तर या हिशेबानं साठलेल्या फिटनेसपैकी साधारण ७२ टक्के उरतो आणि थकव्यापैकी फक्त १४ टक्के. म्हणजे शेवटच्या पंधरवड्यात तुम्ही नवीन काही फारसं कमवत नाही, डोक्यावरचं ओझं उतरवता.

पण थांबा. मग पूर्ण विश्रांतीच का घेऊ नये? याचं उत्तर मॉडेलवर सोडून चालणार नाही. ४२ आणि ७ हे सोयीचे आकडे आहेत, माणसागणिक ते बदलतात. इथे प्रयोग लागतो.

प्रयोग काय सांगतो?

१९९२ मध्ये शेपली आणि सहकाऱ्यांनी मध्यम अंतराच्या नऊ धावपटूंवर सात दिवसांचे तीन टेपर करून पाहिले : अंतर खूप कमी पण वेग जोरदार, अंतर मध्यम पण वेग हळू, आणि पूर्ण विश्रांती. तेच धावपटू तिन्ही प्रकारांतून गेले, त्यामुळे प्रत्येकाची तुलना स्वतःशीच झाली. फक्त पहिल्या प्रकारात ठरलेल्या वेगानं दमेपर्यंत धावण्याचा वेळ लक्षणीय वाढला, २२ टक्क्यांनी.

इथे नवखा वाचक फसतो. २२ टक्के? म्हणजे सहा तासांची रेस पावणेपाच तासांत? अजिबात नाही! ‘एका वेगानं किती वेळ तग धरला’ आणि ‘ठरलेलं अंतर किती वेळात कापलं’ ही दोन वेगळी मापं आहेत. पहिल्यात छोटा बदलही फुगून दिसतो. म्हणून टक्केवारी वाचण्याआधी ‘कशाचे टक्के?’ हे विचारा.

२००७ मध्ये लोरां बोस्के आणि सहकाऱ्यांनी २७ अभ्यासांचं मेटा-ॲनालिसिस केलं. निष्कर्ष असा : सुमारे दोन आठवड्यांचा टेपर घ्या, सरावाचं एकूण प्रमाण ४१ ते ६० टक्के कमी करा, पण तीव्रता आणि आठवड्यातली सत्रं तशीच ठेवा. म्हणजे ‘हळू करा’ असा सल्ला नाही, ‘थोडं करा’ असा आहे. हा फरक कोचच्या एका वाक्यात हरवून जातो.

२०२१ मध्ये तर दीड लाखाहून जास्त हौशी मॅरेथॉन धावपटूंचा डेटा तपासला गेला. ज्यांनी तीन आठवडे शिस्तीत सराव उतरवला, ते टेपर जेमतेम करणाऱ्यांपेक्षा साधारण साडेपाच मिनिटं, म्हणजे २.६ टक्के, लवकर पोहोचले. आकडा मोठा, पण हा प्रयोग नव्हे, निरीक्षण आहे. शिस्तीत टेपर करणारा माणूस झोप आणि खाणंही शिस्तीत सांभाळत असेल, मग श्रेय कोणाला? शिवाय तीन वेगवेगळे खेळ सलग करण्याची सहा-सात तासांची रेस आणि मॅरेथॉन एकच नव्हे. दिशा मिळते, नेमका आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही.

मग माझ्या ११० किलोमीटरचं काय?

त्या दिवशी ऊन होतं, हवा दमट होती. मी सायकलवर पाणी कमी प्यायलो होतो, आणि गर्दीच्या नादात पहिले पाच किलोमीटर भलताच जोरात धावलो. यातल्या कशानं पाय संपले? ती राइड न केलेला दुसरा मी त्या रेसमध्ये नव्हता, त्यामुळे सांगता येत नाही. मी एवढंच म्हणू शकतो की त्या राइडनं फायदा होईल याला आधार नव्हता, आणि थकवा नक्की वाढला. ‘तिनं रेस घालवली’ हे माझं वाक्य मात्र मी मागे घेतो.

यंदा आठवड्याचे १२ तास आधी ८ आणि मग ५ वर आणणार आहे. सत्रं तेवढीच, फक्त छोटी. तीन तासांच्या राइडऐवजी सव्वा तास, पण त्यात रेसच्या वेगाचे पाच-पाच मिनिटांचे चार तुकडे राहतीलच. रेसच्या आठवड्यात तेही दोनच.

तुमच्या विषयातला एखादा पेपर आज उघडा आणि तीन प्रश्न मार्जिनमध्ये लिहा : काय मोजलं? कोणाशी तुलना केली? आणि ती माणसं माझ्यासारखी आहेत का? मला दहा दिवस आधी सायकल बाहेर काढायची हुक्की येईलच, तेव्हा मीही हेच तीन प्रश्न काढून बसणार आहे.