कोंबड्यांची रात्र

ताईंनो, कोंबड्यांसाठी गटातून कर्ज घेतलं की आपण खाद्य, लस, अंड्यांचा भाव, सगळ्याचा हिशोब मांडतो. रात्रीचा मात्र कुणी विचार करत नाही.

कोंबडीला अंधारात फार कमी दिसतं. म्हणून दिवस मावळला की ती उंच जागा बघून बसते आणि मग हलत नाही. अशात कुत्रं शिरलं, लग्नाचा डीजे वाजला, दिवाळीचा फटाका फुटला, तर सगळ्या घाबरून एका कोपऱ्यात एकीवर एक चढतात. खालच्या गुदमरतात. सकाळी अंगावर जखम नसलेल्या कोंबड्या कोपऱ्यात ढिगाने मेलेल्या दिसल्या, तर नजर लागली म्हणू नका. हेच कारण असू शकतं. पण रोज एकदोन मरायला लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा.

खुराड्यात बसायला दांडी हवीच. बांबू चालतो, एका कोंबडीला साधारण 8 इंच जागा धरा. गिरिराज, वनराज अंगाने जड, त्यांना दांडी गुडघ्याच्या खालीच ठेवा, नाहीतर उतरताना पाय दुखावतात. रात्रभर बल्ब लावून ठेवायची पद्धत मला पटत नाही. लहान पिल्लांना बल्ब लागतो तो उबेसाठी. मोठ्या कोंबडीला अंधार आणि झोप पाहिजे. शिवाय सतत उजेडाची सवय लागली आणि मध्येच लाईट गेली, की पुन्हा तोच गोंधळ.

थंडीत खुराडं प्लास्टिकने गच्च बांधू नका. विष्ठेचा वास कोंडतो, डोळे चुरचुरतात, सर्दी होते. बारदान खालच्या बाजूने लावा, वरची वीतभर जागा उघडी ठेवा. जाळी अर्ध्या इंचाची घ्या आणि फूटभर जमिनीत पुरा, कारण मुंगूस उकरून आत येतं.

आता बिबट्याचं. मुळा-प्रवरेच्या या पट्ट्यात ऊस म्हणजे त्याचं घरच झालंय. तोड सुरू झाली की तो वस्तीकडे सरकतो. खुराडं उसाच्या बांधाला नको, घराच्या भिंतीला लागून हवं. मेलेली कोंबडी, पिसं, आतडी उकिरड्यावर टाकू नका, खोल पुरा. आणि रात्री कोंबड्या ओरडल्या म्हणून कुणीही ताई एकटी, वाकून, अंधारात खुराड्यापाशी जाणार नाही, हे घरात आजच ठरवा. आधी आतूनच बॅटरी मारा, डबा वाजवा, मोठ्याने बोला. बिबट्या दिसला तर दार लावून वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा. कोंबडी पुन्हा घेता येते, ताई.

एक सोयीची गोष्टही आहे. मानमोडीची लस टोचायची असेल तर दिवसा अंगणभर पळत बसू नका. अंधार पडल्यावर, टॉर्चला लाल कापड गुंडाळून, दांडीवरून एकेक अलगद उचला. पक्षी घाबरत नाही, आणि आपलीही दमछाक होत नाही.