काविळीच्या पाठीवर बसणारी कावीळ

गलाईच्या धंद्यानिमित्त परमुलखात असणारा एक तरुण वडिलांसह दवाखान्यात आला. सुट्टीत गावी रक्तदान केले आणि रक्तपेढीने कळविले, 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' आहे. म्हणजेच हिपॅटायटिस बी. वडिलांनी विचारले, "डॉक्टर, ह्याच्यावर आणि 'डी' कावीळ असती म्हणं. ती बी असंल का ह्याला? लगीन ठरत आलंय."

'डी' म्हणजे डेल्टा विषाणू. इटलीतील तुरिन येथे डॉ. मारिओ रिझेटो यांनी तो १९७७ साली शोधला. हा विषाणू म्हणजे बांडगूळच. त्याला स्वतःचे बाहेरचे कवच बनविता येत नाही. ते तो 'बी'कडून उसने घेतो. म्हणून ज्याच्या अंगात 'बी' नाही त्याला 'डी' होत नाही. परंतु दोघे एकत्र नांदू लागले की यकृत लवकर निकामी होते. यकृताच्या कर्करोगाचा धोका नुसत्या 'बी'पेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जुनाट 'बी' असलेल्या शंभर जणांत सुमारे ५ जणांना 'डी' असतो. मंगोलिया, मोल्डोव्हा, पश्चिम व मध्य आफ्रिका येथे प्रमाण जास्त, आपल्याकडे कमी. मात्र आपल्याकडे ही तपासणीच फार थोड्यांची होते, हेही ध्यानात घ्यावे. 'बी' असलेल्या प्रत्येकाची डेल्टासाठी रक्ततपासणी व्हावी, असे संघटनेने २०२४ साली सांगितले आहे.

दोन्ही विषाणू रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून पसरतात. एका ताटात जेवल्याने नाही. गुजरातमधील मोडासा येथे २००९ साली वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने 'बी'ची साथ येऊन अनेकांचे प्राण गेले. मी उमेदवारी करीत होतो तेव्हा काचेच्या सिरिंज उकळून वापरीत असू. गर्दीच्या दिवशी ते पाणी पुरेसे उकळत होते का, असे आता मनात येते.

'डी'ची वेगळी लस नाही, पण 'बी'ची लस दोघांनाही अडविते. बाळाला ती जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यावी. ज्याला 'बी' झालाच आहे त्याला मात्र तिचा उपयोग नाही. नाकात औषध घालून किंवा कावीळ उतरवून घेऊन हे विषाणू जात नाहीत. त्यात फक्त महिने वाया जातात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात 'बी'ची तपासणी व औषधे शासकीय केंद्रांवर मोफत आहेत.

त्या तरुणाचा रक्ताचा नमुना बाहेर पाठविला. 'डी' निघाला नाही. आता दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी करायची आहे. धाकट्या भावाला तपासून लसीचा पहिला डोस दिला. लग्नाचे विचारले तेव्हा वडिलांना सांगितले, "लग्न करता येईल. पण मुलीकडच्यांना आधी सांगा. तिची तपासणी करू, लसीचे तिन्ही डोस पुरे होऊ द्या, मग तारीख धरा."