पहिली गाडी: आधी पाय टेकू द्या

दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या आठवड्यात कुठल्याही टू-व्हीलर शोरूममध्ये अर्धा तास उभं राहा. वडील विचारतात, "अ‍ॅव्हरेज किती देते?" मुलगा विचारतो, "पिकअप कसा आहे?" सेल्समन दोघांनाही हवं ते उत्तर देतो आणि कोटेशनचा कागद पुढे सरकवतो. बंद गाडी स्टँडवरून उतरवून, जरा चढावर मागे ढकलत पार्किंगमधून बाहेर काढता येते का, हे मात्र कुणी करून बघत नाही. नवशिक्याचा पहिल्या वर्षातला निम्मा घाम नेमका त्याच कामात जातो.

नवशिका गाडी आडवी करतो ती बहुतेक वेळा चालण्याच्या वेगात. सिग्नलला थांबताना पाय टेकायला जातो आणि तिथे नेमका खड्डा असतो. चढावर हाफ क्लच सुटतो. सोसायटीच्या गेटाशी यू टर्न घेताना गडबडून पुढचा ब्रेक दाबला जातो. अशा वेळी इंजिन किती सीसीचं आहे याला काही अर्थ नसतो. कललेली गाडी एका पायावर तोलता येते का, एवढाच प्रश्न असतो. तो वजनाचा आणि उंचीचा आहे.

स्प्लेंडर प्लसचं वजन 112 किलो. रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 भरते 195 किलो आणि तिचीच धाकटी मानली जाणारी हंटर 181. स्प्लेंडर आणि क्लासिकमधला फरक 83 किलोंचा, म्हणजे मागच्या सीटवर एक धष्टपुष्ट माणूस कायमचा बसवल्यासारखं. गाडी चालू असताना तो जाणवतही नाही, थांबलात की कळतो. बुलेटची हौस असू नये असं मुळीच नाही. ती दुसरी गाडी म्हणून घ्यावी, एवढंच.

उंचीचा हिशोब थोडा फसवा. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून 785 मिलिमीटर. बजाजची फ्रीडम 125, म्हणजे जुलै 2024 मध्ये पुण्यात सादर झालेली जगातली पहिली सीएनजी मोटारसायकल, तिची सीट 825. लांबलचक सीटखाली दोन किलो गॅसची टाकी बसवली आहे. इंधनाच्या खर्चात ती बाजी मारते, पण पाच फूट चार इंचाच्या मुला-मुलीने आधी तिच्यावर बसून बघावं. शिवाय ब्रोशरमधला आकडा सीटची रुंदी सांगत नाही. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय तेवढा आखूड होतो. नेहमीच्या चपला-बूट घालून बसा. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले आणि एका पायाची टाच पोचली, तर गाडी आपल्या मापाची. 'सवय होईल' हे सेल्समनचं वाक्य इथे ऐकू नका. सवय होते, पण तोवर इंडिकेटर आणि ब्रेकची लिव्हर दोन-तीनदा बदलून झालेली असते.

आता सीसी. 1985 साली हीरो होंडाची सीडी 100 आली, 1994 मध्ये स्प्लेंडर आली, आणि शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी ही आपल्याकडची घरची गाडी झाली. तिचा खरा फायदा मायलेजपेक्षाही वेगळा आहे: तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही फिटरला ती डोळे मिटून उघडता येते आणि तिचा पार्ट दुसऱ्या दिवसावर जात नाही. 2001 मध्ये पल्सर आली आणि पोरांच्या तोंडी सीसी आणि पिकअप बसले, ते अजून उतरलेले नाहीत.

शंभर की सव्वाशे, याचं उत्तर रोजच्या रस्त्यावर आहे. सपाट गावात एकट्याने कॉलेजला जायचं असेल तर शंभर पुरते. पण हडपसरला नोकरी आणि सासवडला घर असेल, रोज संध्याकाळी मागे कुणीतरी बसवून दिवे घाट चढायचा असेल, तर शंभर सीसीची गाडी खालच्या गिअरवर रडत चढते, मागून ट्रक हॉर्न देत राहतो आणि नवशिका घाबरतो. तिथे सव्वाशेच घ्यावी. शाईन किंवा रेडर यांच्यासारख्या गाड्या वजनाने फार वाढत नाहीत. एकशेसाठ, दोनशेच्या नादाला पहिल्या वर्षी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मायलेजवरून भांडणाऱ्यांसाठी एक साधा हिशोब. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी गाडी लिटरला 60 देत असेल आणि दुसरी 45, तर पेट्रोल 105 रुपये धरून फरक पडतो सुमारे 580 रुपयांचा. रोज लांबचा पल्ला असेल तर ही रक्कम मोठी. महिन्याला तीनशे किलोमीटर फिरणाऱ्याला मात्र पावणेदोनशे रुपयांसाठी नावडती गाडी घेण्याचं कारण नाही.

खरे पैसे जातात ते कोटेशनच्या खालच्या ओळींत. एक्स-शोरूम किमतीवर सीसीप्रमाणे चढणारा रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, विमा, आणि मग 'कंपल्सरी' म्हणून चिकटवलेलं क्रॅश गार्ड, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग. यातलं शेवटचं काहीच कंपल्सरी नाही, काढायला सांगा. उलट नियमाप्रमाणे गाडीबरोबर आयएसआय हेल्मेट मिळायला हवं, ते मागा. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. 2022 साली ठरलेल्या दरांनुसार 75 ते 150 सीसीला त्याचा हप्ता 3,851 रुपये आणि त्यावरच्या, 350 पर्यंतच्या गटाला 7,365, जीएसटी वेगळा. म्हणजे एकशेसाठ सीसीची गाडी नुसत्या विम्यातच जवळपास दुप्पट खाते.

कर्ज काढणार असाल तर 'दहा टक्के' ऐकून खूश होण्याआधी विचारा, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? साठ हजारांवर दहा टक्के फ्लॅट, तीन वर्षं, म्हणजे अठरा हजार व्याज आणि महिना 2,167 रुपये हप्ता. तुम्ही मुद्दल दर महिन्याला फेडत असता, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवर. घटत्या शिलकीच्या भाषेत हाच दर अठरा टक्क्यांच्या घरात जातो.

ब्रेकबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचं चाकही थोडं धरलं जातं. हे नवशिक्याच्या फायद्याचं, कारण सायकलवरून आलेला माणूस पुढच्या ब्रेकला भितो, आणि गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचंच चाक करतं. मोकळ्या मैदानावर दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू दाब वाढवत वापरायची सवय आधी करा. पहिल्या पावसात, ऑइल आणि चिखल एकत्र झालेल्या रस्त्यावर ती शिकायची वेळ नसते. आणि वयाची अठरा वर्षं पूर्ण नसतील तर गिअरच्या गाडीचा विषयच नको. अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी कायद्यात तरतूद आहे.

हे सगळं वाचून बजेट हलत असेल तर सेकंडहँड बघा. पहिल्या गाडीला ओरखडे पडणारच, ते आधीच पडलेले असले तर जिवाला कमी लागतं. गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर मालकाने ती आधीच चालू करून ठेवली आहे, कारण थंड गाडी एका किकमध्ये उठत नसावी. चालू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय, तिथून निघा. चेनच्या मागच्या चक्राचे दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झालेत का बघा. झाले असतील तर अख्खा चेनसेट बदलायचा खर्च किमतीतून वळता करून घ्या. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर आठ हजार किलोमीटर आणि टायर गुळगुळीत, असं असेल तर दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. पुढच्या शॉकअपच्या नळीवरून बोट फिरवा. तेल लागलं तर सील गेलंय.

कागद गाडीइतकेच तपासा. हॅण्डलखाली कोरलेला चासी नंबर आरसीशी जुळवा. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. ट्रान्सफरसाठीच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाची सही समोर घ्या. गाडीच्या नंबरवर थकलेली ई-चलनं ऑनलाइन दिसतात. ती विकणाऱ्याला तिथल्या तिथे भरायला लावा. एकदा किल्ली तुमच्या खिशात आली की तो फोन उचलत नाही.